तीस आमदार, दोन पानं आणि एका दिवसाचा पंतप्रधान

आपल्या राज्यघटनेत ३७१-आय नावाचं एक कलम आहे. अर्थ एवढाच: गोव्याच्या विधानसभेत किमान तीस सदस्य असतील. या एका ओळीसाठी १९८७ मध्ये घटना दुरुस्त करावी लागली, छप्पन्नाव्यांदा. कारण कलम १७० सांगतं, राज्याच्या विधानसभेत कमीत कमी साठ आणि जास्तीत जास्त पाचशे सदस्य हवेत. १९८१ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या जेमतेम दहा लाख. तिथे साठ आमदार बसवायचे कुठून? मग खास गोव्यासाठी वेगळं कलम आलं. सिक्कीम, मिझोराम आणि अरुणाचल यांनाही अशीच सूट आहे. मिझोरामला किमान चाळीस, बाकी दोघांना तीस.

राज्य जन्मतं तेव्हा वर्तमानपत्रात फोटो येतात ते झेंड्याचे आणि शपथविधीचे. मला मात्र या बारीक तरतुदींचं वेड आहे. आमदार किती, न्यायालय कुठलं, जुन्या कायद्यांचं काय, खासदार कुणाच्या वाट्याला किती, हे तिथे ठरतं, आणि माणसांचं रोजचं जगणं त्यावर चालतं.

आठवड्यात राज्य

गोवा, दमण आणि दीव पुनर्रचना कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली २३ मे १९८७ ला. ३० मे रोजी गोवा देशातलं पंचविसावं राज्य झालं. गोव्यात हा दिवस आजही घटकराज्य दिन म्हणून साजरा होतो. त्याआधीच्या विधानसभेत तीस जागा होत्या: गोव्याच्या अठ्ठावीस, दमणची एक, दीवची एक. नव्या कायद्यानं गोव्याला चाळीस जागा दिल्या आणि १९८९ मध्ये त्या चाळीस जागांसाठी पहिल्यांदा निवडणूक झाली.

दमण आणि दीव मात्र केंद्रशासितच राहिले, तेही विधानसभेविना. म्हणजे ज्या दिवशी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, त्याच दिवशी दमण आणि दीवच्या मतदारांचा आमदार निवडण्याचा हक्क गेला. त्यांना लोकसभेची स्वतंत्र एक जागा मिळाली, एवढंच. गोव्याच्या आनंदसोहळ्यात ही बाजू फारशी कुणी सांगत नाही. ती सांगायला हवी.

मतपत्रिकेवर राज्य नव्हतंच

१६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल महाराष्ट्रात अजूनही अनेकांना आठवतो. त्यासाठी संसदेनं १९६६ मध्ये वेगळा कायदा केला होता. मतपत्रिकेवर दोनच चिन्हं होती. फूल म्हणजे गोवा महाराष्ट्रात आणि दमण, दीव गुजरातेत विलीन. दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश कायम. गोव्याचं वेगळं राज्य हा तिसरा पर्याय छापलेलाच नव्हता! जो दर्जा वीस वर्षांनी मिळाला, त्यावर त्या दिवशी शिक्का मारायची सोयच नव्हती.

निकाल लागला तो असा: दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांनाही मत देऊ द्या, अशी मागणी झाली होती. ती मान्य झाली नाही.

यातला सगळ्यात मोलाचा तपशील मला वाटतो तो मतदानाआधीचा. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळानं डिसेंबर १९६६ मध्येच राजीनामा दिला होता. त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाच्या बाजूनं उभा होता आणि कौलात हरला. पुढे मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि लोकांनी त्याच भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. विलीनीकरण नको, पण राज्य करायला भाऊच हवेत, हे मतदारांनी दोन-अडीच महिन्यांच्या अंतरानं स्वच्छ सांगितलं. मतदार किती बारकाईनं विचार करतो याचं इतकं लख्ख उदाहरण आपल्या राजकीय इतिहासात क्वचितच सापडेल.

मुंबई थोडक्यात वाचली

नवं राज्य करायचं तर संसदेला घटनेच्या कलम ३ चा अधिकार आहे आणि साध्या बहुमतानं काम होतं. ज्या राज्याच्या हद्दीला हात लागणार, त्याच्या विधिमंडळाचं मत राष्ट्रपती मागवतात. पण ते मत मानलंच पाहिजे, असं बंधन संसदेवर नाही. हे कायमचं पक्कं झालं ते आपल्याच भांडणातून.

१९५६ च्या राज्य पुनर्रचना विधेयकात मुळात तीन तुकडे होते: महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई. मुंबई विधिमंडळानं मत दिलं ते या योजनेवर. संसदेनं ऐनवेळी ती बदलून द्वैभाषिक मुंबई राज्य केलं. बदललेल्या योजनेवर आमच्या विधिमंडळाला पुन्हा विचारलंच नाही, म्हणून बाबूलाल पराते यांनी दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्ये सांगितलं, पुन्हा विचारायची गरज नाही. तेलंगणाच्या वेळीही याच तत्त्वावर काम झालं. २०१४ च्या जानेवारीत आंध्रच्या विधानसभेनं विधेयक फेटाळलं, तरी जूनमध्ये तेलंगणा राज्य झालं. आणि केंद्रशासित प्रदेशाच्या बाबतीत तर मत मागवायची घटनात्मक अटही नाही. १९६६ च्या अठराव्या घटनादुरुस्तीनं तसा खुलासाच कलम ३ ला जोडला आहे.

मूळ विधेयक जसंच्या तसं संमत झालं असतं तर मुंबईवर दिल्लीचा कारभार आला असता. एक मे १९६० ची गोष्ट मग वेगळीच लिहावी लागली असती.

पोर्तुगालनं टाकलं, गोव्यानं ठेवलं

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्याला घटनेत सामावून घेणाऱ्या बाराव्या घटनादुरुस्तीला मंजुरी मिळाली मार्च १९६२ मध्ये, पण ती लागू झाली मागच्या तारखेपासून: २० डिसेंबर १९६१. कायद्याच्या हिशोबात एक दिवसही मोकळा राहिला नाही. नागरिकत्वाचा प्रश्नही तसाच सोडवला. त्या भूमीत जन्मलेले, किंवा ज्यांचे आईवडील वा आजीआजोबा तिथे जन्मले ते, भारतीय नागरिक मानले गेले. ज्यांना ते नको होतं त्यांना तसं लिहून द्यायला एक महिन्याची मुदत होती.

१९६२ च्या प्रशासन कायद्यानं आधीचे कायदे बदल होईपर्यंत चालू ठेवले. त्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता होती. पोर्तुगालनं स्वतः ती १९६७ मध्ये मोडीत काढून नवी आणली. गोव्यात जुनीच चालत राहिली, घटकराज्य झाल्यावरही. लग्न झालं की वेगळा करार नसेल तर नवराबायको मालमत्तेचे निम्मे-निम्मे धनी, आणि मुलांना पूर्ण बेदखल करणारं मृत्युपत्र चालत नाही, ही तिची दोन ठळक वैशिष्ट्यं. गावातल्या साध्या घराच्या कागदावरही बायकोचं नाव दिसतं ते या नियमामुळे. बाकी देशानं हेवा करावा अशी ही गोष्ट आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक पाऊल टाकलं: गोवेकराची मालमत्ता मुंबईत असली, तरी वारसाहक्क गोव्याच्याच कायद्यानं ठरेल.

न्यायालयाचं नातं उलट दिशेचं. गोव्याचं उच्च न्यायालय म्हणजे मुंबई उच्च न्यायालय. पणजीला त्याचं खंडपीठ आलं १९८२ मध्ये, राज्य व्हायच्या पाच वर्षं आधी.

निवृत्तीच्या संध्याकाळी

१९८७ हे राज्यांच्या सुगीचं वर्ष होतं. २० फेब्रुवारीला मिझोराम आणि अरुणाचल, मे महिन्यात गोवा. मिझोरामच्या मुळाशी ३० जून १९८६ चा शांतता करार आहे. वीस वर्षं बंडखोरी करणाऱ्या मिझो नॅशनल फ्रंटच्या लालडेंगांनी शस्त्रं खाली ठेवायची, केंद्रानं राज्याचा दर्जा द्यायचा. भारत सरकारतर्फे सही केली केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांनी, महाराष्ट्र केडरचा आपला माणूस. तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता! पुढच्या वर्षी ते अरुणाचलचे राज्यपाल झाले.

हिमाचल प्रदेशची वाट जास्त वळणांची. तो १९५१ मध्ये क वर्ग राज्य होता, १९५६ मध्ये केंद्रशासित झाला, २५ जानेवारी १९७१ ला पूर्ण राज्य. शिमल्याच्या रिजवर इंदिरा गांधींनी घोषणा केली तेव्हा बर्फ पडत होता आणि लोक जागचे हलले नाहीत.

पंतप्रधान बदलानी

दादरा आणि नगर हवेली १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी पोर्तुगीजांकडून सोडवलं. त्यात गायक-संगीतकार सुधीर फडके होते, तरुण बाबासाहेब पुरंदरे होते. त्यानंतर सात वर्षं हा मुलूख ना पोर्तुगालच्या ताब्यात, ना भारताच्या घटनेत. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता. १९६१ मध्ये विलीनीकरणाची वेळ आली तेव्हा अडचण उभी राहिली: भारताच्या पंतप्रधानांसोबत करारावर सही करणार कोण? तिथला कारभार पाहायला पाठवलेले सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरतं दादरा आणि नगर हवेलीचं पंतप्रधान करण्यात आलं. त्यांनी नेहरूंबरोबर सही केली, दहावी घटनादुरुस्ती झाली आणि मुलूख कायद्यानं भारतात आला.

२६ जानेवारी २०२० पासून दादरा, नगर हवेली, दमण आणि दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश आहे. विधानसभा त्यांना अजून नाही. उच्च न्यायालय त्यांचंही मुंबईच.