सम संख्यांची बेरीज

कुंभकोणमला सारंगपाणी मंदिराच्या रस्त्यावर एक लहानसे कौलारू घर आहे. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण तेथे गेले.

दोनपासून शंभरापर्यंतच्या सम संख्यांची बेरीज किती? गणिती दृष्टीचा मुलगा पन्नास संख्या मांडीत बसणार नाही. पहिली आणि शेवटची मिळून १०२, अशा जोड्या २५, उत्तर २५५०.

गणकयंत्राला ही दृष्टी नाही. त्याला पायरीपायरीने आज्ञा द्याव्या लागतात. बेरीज शून्य मान. संख्या दोन घे. ती बेरजेत मिळव. मग संख्या दोनाने वाढव. ती शंभराहून मोठी होईपर्यंत हेच करीत राहा. शेवटी बेरीज सांग.

आता ‘शंभराहून मोठी’ याऐवजी ‘शंभर’ एवढेच लिहिले, तर शेवटचे शंभर मिळवण्यापूर्वीच यंत्र थांबेल आणि तितक्याच निःशंकपणे २४५० सांगेल. चूक यंत्राची नव्हे, आपली.

म्हणून आज्ञावली प्रथम दहापर्यंत चालवावी. तोंडी हिशेबाने उत्तर तीस येते. यंत्राने वीस सांगितले, की दोष उघडा पडतो.

रामानुजनांच्या वह्यांतील निष्कर्षांच्या सिद्धता शोधण्यात गणितज्ञांची अनेक दशके गेली. मग आपल्या सहा आज्ञांनी पडताळ्यातून सूट का मागावी?