भावना, विचार आणि उरलेला काळ

भावना ही विचाराची वैरीण असून वयाबरोबर तिचा जोर ओसरला म्हणजे विचार आपोआप पक्व होतो, असा सर्वसाधारण समज आहे. मानसशास्त्राचे अलीकडील शोध मात्र निराळें सांगतात.

अंतोनियो दामासियो या मेंदुतज्ज्ञानें १९९४ सालच्या आपल्या ग्रंथांत एका गृहस्थाची हकीकत दिली आहे. मेंदूंत झालेली गांठ व तिच्यावरील शस्त्रक्रिया यांमुळें त्याच्या कपाळामागील भागास इजा झाली. बुद्धि आणि स्मरणशक्ति शाबूत राहिली. पण भावना जवळजवळ मावळल्या, आणि त्यांबरोबर निर्णयशक्तिहि गेली. नोकरी सुटली, संसार मोडला. सारांश, कोणती गोष्ट महत्त्वाची व कोणती गौण, हें विचाराला भावनाच दाखवून देते.

हें दाखविणें वयाप्रमाणें बदलतें. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लॉरा कार्स्टेन्सन यांनीं त्याची उपपत्ति अशी लाविली आहे: तरुणास पुढें अफाट काळ दिसतो, म्हणून नव्या ओळखी व नवें ज्ञान यांसाठीं तो मनस्तापहि सोसतो. वृद्धास काळ थोडा दिसतो, म्हणून त्याचें मन जिव्हाळ्याचीं माणसें व समाधान यांकडे वळतें. याचें कारण केवळ वय नव्हे. १९९७ सालीं हाँगकाँग ब्रिटिशांकडून चीनकडे जावयाचें होतें. सत्तांतर तोंडाशीं आलें तेव्हां तेथील तरुणहि, वृद्धांप्रमाणेंच, नव्या ओळखीपेक्षां जवळच्या माणसांचा सहवास पसंत करूं लागले. पुढें वर्षभरानें त्यांची आवड पूर्ववत् झाली.

तेव्हां आजोबा नव्या माणसांत मिसळत नाहींत, म्हणून त्यांची बुद्धि मंदावली असें समजूं नये. मात्र समाधानाच्या या ओढींत एक धोकाहि आहे. २००३ सालच्या एका प्रयोगांत सुखद व दुःखद चित्रें दाखविलीं असतां, वय जितकें अधिक तितकें दुःखद चित्रांचें स्मरण प्रमाणानें कमी आढळलें. हाच कल डॉक्टरांचा इशारा ऐकतांना किंवा कर्जाच्या कागदावर सही करतांना राहिला, तर अप्रिय तेंच नेमकें नजरेआड होईल.

उपाय अवघड नाहीं. आरोग्यसेवेची निवड करतांना वस्तुस्थितीवर लक्ष ठेवा, असें आरंभींच सांगितल्यास वृद्ध व तरुण यांच्यांतील हा फरक नाहींसा होतो, हें २००७ सालीं दिसून आलें. म्हणून साठी उलटलेल्या आपण मंडळींनीं असा कागद हातीं घेतांच, यांत आपल्या गैरसोयीचें काय आहे, हें प्रथम शोधावें. आणि घरच्या तरुणांनीं, ‘म्हाताऱ्यांना वाईट वाटेल’ म्हणून, तें आमच्यापासून लपवूं नये.