वजन घटवायचं स्वस्त इंजेक्शन: बाटलीत नेमकं काय आहे, हे कोण सांगणार?

मागच्या पालकसभेनंतर एक आई वर्गात थांबून राहिल्या. सगळे गेल्यावर त्यांनी मोबाइल पुढे केला. "बाजी, जरा ये पढ़ के बताओ ना, इंग्लिश में है." व्हॉट्सअॅपवर जाहिरात होती. चार इंजेक्शनं, एका महिन्यात आठ किलो कमी, डॉक्टरची गरज नाही, बार्शीटाकळीत घरपोच, पैसे आधी फोनवर. त्यांच्या थोरल्या मुलीचा निकाह दोन महिन्यांवर आला होता. सासरच्या कुणीतरी "लडकी जरा भरी हुई है" असं म्हटलं होतं. भिशीचे पैसे बाजूला काढून ठेवलेले होते.

मी फोटो मोठा करून पाहिला. काचेची छोटी बाटली, रबरी बूच, आत पांढरी पावडर. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही. खाली बारीक अक्षरात इंग्रजीत एक ओळ होती. ती मी त्यांना वाचून दाखवली: "फक्त संशोधनासाठी. माणसांच्या वापरासाठी नाही."

त्या म्हणाल्या, "मग हे विकतात कसं?" हा लेख त्या प्रश्नासाठी लिहिला आहे. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. पण लेबल वाचता येणं आणि चार प्रश्न विचारता येणं, एवढं प्रत्येक घरात जमायला हवं.

औषध खरं आहे, पण दोन महिन्यांचं नाही

आधी हे स्पष्ट करू, की वजन कमी करणारी इंजेक्शनं ही अफवा नाही. जेवल्यावर आपल्या आतड्यातून एक संप्रेरक सुटतं. ते मेंदूला पोट भरल्याचं कळवतं आणि साखर आटोक्यात ठेवायला मदत करतं. सेमाग्लुटाइड हे औषध त्याच संप्रेरकासारखं काम करतं. टिरझेपाटाइड तेच काम करतं आणि सोबत आणखी एका संप्रेरकाचंही. भारतात टिरझेपाटाइड 'मौंजारो' नावाने मार्च 2025 मध्ये आलं, तर सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं इंजेक्शन 'वेगोवी' नावाने जून 2025 मध्ये आलं.

2021 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास कमी झालं. पण त्याला 68 आठवडे लागले. औषध बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. शिवाय डोस एकदम देत नाहीत. आठवड्याला 0.25 मिलिग्रॅमपासून सुरुवात होते, दर चार आठवड्यांनी डोस वाढवतात आणि 2.4 मिलिग्रॅमचा पूर्ण डोस चार महिन्यांनंतर येतो. म्हणजे पहिले दोन महिने शरीराला सवय लावण्यातच जातात. "निकाहच्या आधी आठ किलो" असं जो सांगतो, तो एकतर खोटं बोलतो किंवा डोस भलताच वाढवून देतो.

हे औषध सगळ्यांसाठीही नाही. बीएमआय 30 किंवा जास्त असेल, किंवा 27 च्या वर असून सोबत मधुमेह, रक्तदाब असा आजार असेल, तर डॉक्टर त्याचा विचार करतात. बीएमआय काढायला वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागायचं. त्या मुलीचं वजन 58 किलो, उंची 1.57 मीटर. फळ्यावर गणित मांडलं: 58 भागिले 2.46, म्हणजे साडेतेवीस. तिला हे औषध लागतच नव्हतं.

अनोळखी बाटलीत काय असू शकतं?

एक, भलतंच औषध. ऑक्टोबर 2023 मध्ये ऑस्ट्रियात बनावट 'ओझेम्पिक' घेतल्याच्या संशयावरून अनेकांना दवाखान्यात भरती करावं लागलं. रक्तातली साखर एकदम खाली गेली, झटके आले. पेनमध्ये सेमाग्लुटाइडऐवजी इन्सुलिन असावं, असा तिथल्या औषध विभागाचा संशय होता. मधुमेह नसलेल्या माणसाने इन्सुलिन टोचून घेतलं तर काय होतं, हे आपल्या घरातल्या शुगरच्या पेशंटला विचारा. ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत बनावट माल सापडल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने जून 2024 मध्ये साऱ्या जगाला इशारा दिला.

दोन, चुकीचा डोस. पावडर घरी पाण्यात कालवायची आणि सिरिंजवरच्या 'युनिट'च्या रेघा पाहून ओढायची, यात हिशेब हमखास चुकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै 2024 मध्ये सांगितलं, की बाटलीतून स्वतः डोस ओढणाऱ्या काही रुग्णांनी ठरलेल्या डोसच्या 5 ते 20 पट औषध घेतलं. हे औषध आठवडाभर काम करावं असंच बनवलेलं आहे. एकदा आत गेलं की उलट्या थांबवायला ते बाहेर काढता येत नाही.

तीन, उन्हाने खराब झालेलं औषध. ही इंजेक्शनं वापरायला घेईपर्यंत 2 ते 8 अंशांत, फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. साध्या पार्सलमध्ये, डिलिव्हरीवाल्याच्या पाठीवरच्या बॅगेत ते औषध टिकेल का? दुबई-सौदीहून कुणी नातेवाईक प्रेमाने आणतात, त्यालाही हाच प्रश्न विचारायचा. गोठलेलं औषधही वापरायचं नसतं.

चार, अजून मंजूरच नसलेलं औषध. 'रेटाट्रुटाइड' नावाची पावडर इंटरनेटवर विकली जाते. 2025 च्या अखेरपर्यंत त्याला कुठल्याही देशात मंजुरी नव्हती.

असं सगळं परदेशातच होतं, असं समजू नका. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाच्या ऐन लाटेत बारामतीत रेमडेसिविरच्या रिकाम्या बाटल्यांत पॅरासिटामॉलचं द्रावण भरून विकणारे पोलिसांनी पकडले. घेणाऱ्यांचं माणूस दवाखान्यात तडफडत होतं, लेबल तपासायचं भान कुणाला होतं? ज्या वस्तूची मागणी वाढते आणि किंमत जास्त असते, तिची नक्कल येतेच.

साखळी तुटली की जबाबदार कुणीच नाही

औषध कंपनीतून निघून आपल्या हातात येईपर्यंत एक साखळी असते: परवाना असलेला कारखाना, घाऊक विक्रेता, मेडिकल, डॉक्टरची चिठ्ठी आणि शेवटी आपलं बिल. बिलावर बॅच नंबर असतो. काही बिघडलं तर त्या नंबरवरून मागे जाता येतं. व्हॉट्सअॅपवर, जिममध्ये किंवा पार्लरमध्ये घेतलेल्या बाटलीला ही साखळीच नसते. नंबर ब्लॉक झाला की विक्रेता संपला.

कायदाही स्पष्ट आहे. ही इंजेक्शनं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला 1954 च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याने बंदी आहे. म्हणजे ती जाहिरात मुळातच बेकायदा होती.

किमतीबद्दलही एक गोष्ट. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतची. त्यानंतर देशी कंपन्यांना ते बनवायची वाट मोकळी होते. त्यामुळे स्वस्त म्हणजे खोटंच, असं नाही. पण स्वस्त असो की महाग, चिठ्ठी, परवान्याचं मेडिकल, पक्कं बिल आणि थंड पेटी, या चार गोष्टी हव्यातच.

अस्सल औषधालाही डॉक्टर का लागतो?

मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठ हे नेहमीचे त्रास आहेत. कधी पित्ताशयात खडे होतात, कधी स्वादुपिंडाला सूज येते. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं तर किडनीवर ताण येतो. म्हणून हे औषध चालू असेल तर रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या सोबत असतील तर साखर जास्त घसरू शकते. घरात थायरॉइडच्या एका विशिष्ट कॅन्सरचा इतिहास असेल तर हे औषध देत नाहीत.

नव्या नवरीसाठी आणखी महत्त्वाचं: गरोदरपणात हे चालत नाही. बाळाचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिरझेपाटाइडमुळे पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा असर कमी होऊ शकतो. निकाहच्या तोंडावर गुपचूप इंजेक्शन घेणाऱ्या मुलीला हे कोण सांगणार? विकणारा तर सांगणार नाही.

घरात कुणी आधीच घेतलं असेल तर

रागावू नका. रागावलं की मुली लपवतात, आणि लपवण्यातच वेळ जातो. पुढचा डोस थांबवा. बाटली, खोका, मेसेज, पैसे पाठवल्याचा पुरावा फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. घाम, थरथर, चक्कर, बोलण्यात गोंधळ दिसला आणि माणूस शुद्धीत असेल तर लगेच साखरेचं पाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. 108 ला फोन करा, अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात न्या. पोटात असह्य, पाठीकडे जाणारी कळ किंवा न थांबणाऱ्या उलट्या असतील तरी सकाळची वाट पाहू नका.

संशयास्पद विक्रेत्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे 1800222365 या नंबरवर करता येते. औषधाचा त्रास झाला तर 18001803024 वर नोंदवता येतो. दोन्ही फोन मोफत आहेत.

त्या आईंनी ऑर्डर दिली नाही. मुलीला घेऊन डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं नाही, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन कमी निघालं. भिशीचे थोडे पैसे त्या उपचाराला लागले.

पुढच्या वेळी घरातलं कुणी असा मेसेज दाखवेल, तेव्हा चारच गोष्टी विचारा: चिठ्ठी कुणाची? दुकान कुठलं? बिल मिळेल का? थंड पेटीतून आलं का? एकाचंही उत्तर मिळालं नाही, तर पैसे पाठवू नका. आणि मुलगी "भरलेली" आहे म्हणणाऱ्यांना मोठ्यांनी तिथेच उत्तर द्यावं. ते ओझं तिच्यावर टाकू नये.