लोकसंख्येवर फोडलेले खापर

सरकारी रुग्णालयात एका खाटेवर दोन रुग्ण दिसले, उन्हाळ्यात टँकर आला नाही, कुपोषणाची बातमी झळकली, की एक वाक्य हमखास कानावर येते: ‘लोकसंख्याच एवढी, सरकार तरी काय करणार?’ २०२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकल्यापासून तर या वाक्याला चांगलाच जोर चढला आहे. त्यामागे दोन समजुती आहेत. आपल्याकडे जन्मदर सुसाट वाढतो आहे ही पहिली, आणि आरोग्याची दुरवस्था गर्दीमुळे आहे ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत. त्यातही दुसरी अधिक घातक, कारण तिच्या आडोशाला सगळ्यांचीच जबाबदारी लपते.

पहिलीचा निकाल लवकर लागतो. १९५०च्या दशकात भारतीय स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास मुले होत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा २.० आला. एका पिढीची जागा तेवढ्याच मोठ्या पुढच्या पिढीने घ्यायची तर तो २.१ लागतो, म्हणजे आपण त्याच्याही खाली उतरलो आहोत. महाराष्ट्र तर १.७ वर आहे. मग एकूण संख्या अजून का वाढते? कारण घराघरांत चार-चार मुले होती त्या काळात जन्मलेली माणसे आज स्वतः आईबाप झाली आहेत. त्यांनी दोनवर थांबायचे ठरवले तरी आईबापांची संख्याच मोठी असल्याने काही दशके जन्म मृत्यूंपेक्षा जास्तच राहणार. ही वाढ जुन्या जन्मदराची आहे, आजच्या जोडप्यांच्या बेफिकिरीची नव्हे.

आता दुसरी समजूत. गर्दीमुळेच आरोग्य बिघडत असेल तर जिथे दाटी जास्त तिथे हाल जास्त दिसायला हवेत. २०११च्या जनगणनेनुसार केरळमध्ये दर चौरस किलोमीटरला ८६० माणसे राहत होती, महाराष्ट्रात ३६५ आणि मध्य प्रदेशात अवघी २३६. वर उल्लेखलेल्या सर्वेक्षणात दर हजार जन्मांमागे पहिल्या वर्षात दगावणारी बालके मात्र केरळात ४.४, महाराष्ट्रात २३.२ आणि मध्य प्रदेशात ४१.३. सर्वांत दाट वस्तीत सर्वांत कमी मृत्यू! फरक पडला तो मुलींचे शिक्षण, जवळचा चालता दवाखाना आणि दशकानुदशके टिकलेला सरकारी खर्च यांनी. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये, कोविडचा खर्च धरूनही, तो १.८४ टक्के होता. उरलेल्यातला मोठा भार रुग्णाच्या खिशावर पडतो. औषध बाहेरून आणायला सांगणारी चिठ्ठी लोकसंख्या लिहीत नाही.

‘पण बिहारचे काय?’ असा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. तिथे जन्मदर अजून ३.० आहे, दाटीही मोठी आहे. पण तिथेच हजारी सुमारे ४७ बालके वर्षाच्या आत दगावतात आणि विशीतल्या पहिल्या काही वर्षांत असलेल्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले असते. जन्मलेले मूल जगेल याची खात्री नाही, शाळा अर्ध्यावर सुटते, नकार द्यायचे वय येण्याआधी संसार गळ्यात पडतो. अशा ठिकाणी जास्त मुले हा दुरवस्थेचा परिणाम आहे. त्यालाच कारण ठरवून आपण मोकळे होतो. देशभरात शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रीला सरासरी २.८ मुले होतात, बारावी किंवा पुढे शिकलेलीला १.८.

मग येतो लोकसंख्या रोखणाऱ्या कडक कायद्याचा हट्ट. चीनचा दाखला देणाऱ्यांनी अमर्त्य सेन यांनी मांडलेली तुलना वाचावी: १९७९ ते १९९१ या काळात चीनचा दर सक्तीने २.८ वरून २.० वर आला, केरळचा कोणत्याही सक्तीविना ३.० वरून १.८ वर. चीन आज तीन मुलांना परवानगी देऊनही घटत्या लोकसंख्येला तोंड देतो आहे. आपल्याकडे आंध्र प्रदेशाने दोनपेक्षा जास्त मुले असणाऱ्यांना स्थानिक निवडणुकीतून बाद करणारा नियम २०२४ मध्ये मागे घेतला. मुलगाच हवा असलेल्या समाजात मुलांची संख्या बांधून घातली की मुलींचे काय होते, हे २०११ मध्ये हजार मुलांमागे ८०७ मुलींवर आलेल्या बीड जिल्ह्याने दाखवलेच आहे.

किरकोळ समजुतींना फार वेळ देण्याची गरज नाही. अमुक धर्माचे लोक ‘वाढतच चाललेत’ म्हणणाऱ्यांसाठी: १९९२-९३ ते २०१९-२१ या काळात मुस्लिम स्त्रियांचा दर ४.४ वरून २.४ वर आला, हिंदू स्त्रियांचा ३.३ वरून १.९ वर, उतार दोन्हीकडे आहे आणि मुस्लिमांमधला अधिक तीव्र आहे. कुटुंबनियोजन हे पाश्चात्त्य खूळ म्हणणाऱ्यांसाठी: र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र १९२१ मध्येच काढले होते. आणि नसबंदीने पुरुषाची ताकद जाते ही तर हटवादी अफवा. शस्त्रक्रियेत फक्त शुक्रवाहिनी बंद करतात, वृषणांना आणि संप्रेरकांना हात लागत नाही. तरीही त्याच २०१९-२१च्या सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणी स्त्री-नसबंदीवर आणि फक्त ०.३ टक्के जणी पतीच्या नसबंदीवर विसंबलेल्या होत्या, पोट फाडण्याची गरज नसलेली, अधिक सोपी शस्त्रक्रिया पुरुषाचीच असूनही.