ढगांच्या छताखाली

चक्रीवादळात विमान घालणाऱ्यांविषयी बोलताना आपण त्यांच्या धाडसावरच थांबतो. आरंभही तसाच आहे. २७ जुलै १९४३ रोजी कर्नल जोसेफ डकवर्थ यांनी राल्फ ओ'हेअर यांना सोबत घेऊन एका इंजिनाचे शिकाऊ विमान टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनजवळच्या वादळात नेले, तेही म्हणे पैजेखातर. पण पैजेच्या जोरावर एखादे काम ऐंशी वर्षे चालत नाही. अमेरिकेच्या 'नोआ' या हवामानविषयक संस्थेची दोन ओरायन विमाने फ्लोरिडातल्या लेकलँडहून आजही वादळात शिरतात. दोन्ही १९७०च्या दशकातली, चार पंख्यांची. नावे मात्र कर्मिट आणि मिस पिगी, म्हणजे मपेट बाहुल्यांची. ती अजून लागतात, कारण उपग्रहाला वादळाचे छत दिसते, खालचे घर दिसत नाही.

उपग्रहाच्या चित्रातल्या ढगांच्या ठेवणीवरून जोर ठरवण्याची ड्वोराक पद्धत उपयोगी आहे, तरी तो अंदाजच. वादळाच्या केंद्रातला हवेचा दाब वरून पाहून थेट मोजता येत नाही; त्यासाठी यंत्र तिथे न्यावे लागते. विमान साधारण आठ ते दहा हजार फुटांवरून डोळ्याभोवतालची, म्हणजे वादळाच्या मध्याभोवतालची, ढगांची भिंत भेदते, डोळा ओलांडते आणि दिशा बदलून पुन्हा आत येते. वाटेत ड्रॉपसोंड नावाच्या नळ्या सोडतात. छोट्या पॅराशूटला लटकत ती नळी समुद्राकडे उतरते आणि दाब, तापमान, आर्द्रता कळवत राहते. ती किती वाहवली यावरून वारा समजतो. समुद्रात पडली की तिचे काम संपले. वारा वाढला की लाटांवर फेस वाढतो, आणि त्या फेसातून येणाऱ्या सूक्ष्मलहरी टिपून पृष्ठभागावरच्या वाऱ्याचा वेग काढणारे उपकरणही विमानावर असते. सगळी माहिती उड्डाण चालू असतानाच अंदाज करणाऱ्यांच्या हाती पडते.

मग ऑक्टोबर २०२३मध्ये ओटिस वादळाने मेक्सिकोतल्या अकापुल्कोला बेसावध कसे गाठले? आक्षेप रास्त आहे. पण चुकली ती अंदाजाची प्रारूपे, आणि वादळ उपग्रहाच्या अंदाजापेक्षा फार बळावले आहे हे उघड केले ते हवाई दलाच्या विमानाने. वादळ पाचव्या श्रेणीत पोहोचून किनाऱ्यावर आदळायला तेव्हा काही तासच उरले होते. यातून विमान निरुपयोगी ठरत नाही. ते आणखी आधी जायला हवे होते, एवढेच ठरते.

जिवाच्या धोक्याचा प्रश्न अधिक अवघड. १९५५मध्ये जॅनेट वादळात नौदलाच्या विमानासह अकरा जण गेले. १९८९मध्ये ह्यूगोत कर्मिट दीड हजार फुटांवरून शिरले, एका इंजिनाने पेट घेतला आणि विमान हजार फुटांच्याही खाली आले, सगळे वाचले. ड्रोनना जाऊ द्यावे, हे म्हणूनच पटते. लाटांच्या जवळ, जिथे माणसाने जाऊच नये, तिथे ती जातातही. फक्त त्यांतली काही याच विमानांतून सोडावी लागतात.

खर्चाचे काय? तो वाचवला की काय होते, ते पश्चिम पॅसिफिकमध्ये दिसते. तिथली अमेरिकेची नियमित उड्डाणे १९८७मध्ये थांबली, आणि तेव्हापासून तिथल्या बहुतेक वादळांचा जोर ढगांवरूनच ठरतो. अरबी समुद्रातही तेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले, तेव्हा त्याच्यावर उपग्रहांची नजर होती, किनाऱ्यावरच्या रडारची होती. समुद्रावर असताना त्याच्या डोळ्यात नळी सोडणारे विमान नव्हते.