तळ्यासाठी योग्य जाळे कसे निवडावे ?

शेततळ्यात कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली सोडून पुष्कळ शेतकरी बंधू वर्षभर त्यांची निगा राखतात. परंतु जाळे घेताना स्वस्त मिळेल ते घेतात. अयोग्य जाळ्यामुळे लहान मासे नाहक मरतात, मोठे निसटतात व वर्षाच्या श्रमांचा मोबदला पदरात पडत नाही. म्हणून जाळे घेण्यापूर्वी पाणी कोणते आहे, मासे कशासाठी धरावयाचे आहेत आणि केवढा मासा हवा आहे, या तीन गोष्टींचा विचार करावा.

पाग : हे फेकून टाकण्याचे गोल जाळे एका माणसाला वापरता येते. माशांची वाढ पाहण्यासाठी हे उत्तम. दरमहा थोडे मासे धरून त्यांचे वजन करावे, खाद्याचे प्रमाण त्यावरून ठरवावे व मासे लगेच पाण्यात सोडावे. सर्व मासे काढण्यास मात्र पाग अपुरा पडतो.

ओढ जाळे : विक्रीसाठी एकाच वेळी पुष्कळ मासे काढावयाचे असल्यास हेच सोयीचे. जाळ्याची लांबी तळ्याच्या रुंदीच्या व उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारे दीडपट असावी. म्हणजे ओढताना मध्ये झोळ पडून मासे त्यात जमतात. मासे जिवंत हाती येत असल्याने लहान मासे परत सोडता येतात. तळ्यास प्लॅस्टिकचे अस्तर असल्यास खालच्या दोरीची वजने टोकदार नसावीत. अस्तर फाटल्यास पाणी झिरपून जाते.

कल्ली जाळे : हे मोठ्या व खोल जलाशयात संध्याकाळी लावून पहाटे काढतात. मासा आसात डोके घालतो व कल्ल्यांपाशी अडकतो. अडकलेला मासा बहुधा मरतो. म्हणून जाळे उचलण्यास उशीर करू नये.

या जाळ्यात आसाचे माप सर्वांत महत्त्वाचे होय. आस म्हणजे जाळ्याचे एक घर. ते ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधील अंतर मोजावे. आसाचा घेर या मापाच्या दुप्पट असतो. आता हव्या त्या आकाराच्या माशाभोवती दोरी गुंडाळून पाहावे. समजा, कल्ल्यांमागे घेर २० सें. मी. व सर्वांत जाड भागी २५ सें. मी. भरला, तर आसाचा घेर या दोहोंच्या मध्ये, म्हणजे २२ सें. मी. असावा, अर्थात् ताणलेला आस ११ सें. मी. हवा. याहून बरेच लहान मासे आरपार निघून जातात व पुढील हंगामासाठी वाढतात.

सुती जाळे पाण्यात कुजते. नायलॉनचे कुजत नाही, परंतु उन्हाने कमजोर होते. म्हणून ते धुऊन सावलीत वाळवावे. नायलॉनचे तुटलेले जाळे पाण्यात राहिल्यास मासे त्यात अडकून मरतच राहतात. ते अवश्य बाहेर काढावे.

मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करीत असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे असे समजून त्या वेळी जाळे ओढू नये.

ग्रामसेवकांनी गावात जाळे खरेदी होण्यापूर्वी ही दोरीची परीक्षा शेतकऱ्यांना प्रत्यक्ष करून दाखवावी. यास एक दोरी व एक मोजपट्टी पुरेशी आहे.