शाळा बंद, तरी खिचडीचा हक्क

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. सूर्यमाळ, मोखाड्याच्या कुपोषणग्रस्त पट्ट्यात प्रश्न नुसत्या अभ्यासाचा नव्हता. जिल्हा परिषद शाळेतली खिचडी हे पोरांचं भरवशाचं जेवण. मग तांदूळ, कडधान्य पालकांच्या हाती देणं सुरू झालं. ही मेहेरबानी नव्हे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालचे २०१५ चे नियमच सांगतात: जेवण मिळालं नाही, तर धान्य आणि शिजवण्याचा खर्च द्यायचा.

हिशेब आपण ठेवू. पाचवीपर्यंत रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवी १५०. म्हणजे २२ दिवसांचे २ किलो २०० आणि ३ किलो ३०० ग्रॅम. घरी मात्र हे सगळ्यांच्या पातेल्यात जातं. म्हणून डाळ आधी लेकराच्या ताटात वाढा, मुलीच्याही.